राजाची फ्लूट, चाकराचा कॉन्चर्टो

प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या जन्माला २०१२ साली ३०० वर्षे पूर्ण होणार होती. त्या निमित्ताने ईएमआय क्लासिक्सने २०११ मध्ये ‘द फ्लूट किंग’ नावाचा दोन सीडींचा संच काढला. फ्लूट वाजवली इमॅन्युएल पाहूद यांनी, जे बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख फ्लूटवादक आहेत. हार्प्सिकॉर्ड या कळफलकाच्या जुन्या वाद्यावर बसून संचलन केले ट्रेव्हर पिनॉक यांनी. वाद्यवृंद होता कामरअकादमी पॉट्सडाम, म्हणजे राजाच्याच गावातला. दुसऱ्या सीडीवर सोनाटा, म्हणजे मोजक्या वाद्यांच्या रचना, आहेत. राजाच्या, त्याची बहीण आना अमालिया हिच्या, दरबारातल्या इतरांच्या, आणि थोरल्या बाखची, म्हणजे योहान सेबास्टियन बाखची, प्रसिद्ध त्रिसोनाटा. पहिल्या सीडीवर चार कॉन्चर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, आहेत. एक खुद्द राजाचा, एक त्याच्या गुरूचा, एक त्याच्या व्हायोलिनवादकाचा आणि एक त्याच्या हार्प्सिकॉर्डवादकाचा. हा अभ्यास त्या पहिल्या सीडीचा आहे.

प्रश्न असा की चौघांचे संगीत एकाच वाद्यावर, एकाच वाद्यवृंदाच्या साथीने, वाद्ये एकाच पट्टीत लावून वाजवले, तर त्यात कोणाचे भले होते आणि कोणाला तोशीस पडते? माझे उत्तर आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवतीच आहे. या ध्वनिमुद्रणात दरबारातली उतरंड उलटी झालेली ऐकू येते. चौघांत ज्याची राजाला सर्वांत कमी किंमत होती त्याचा कॉन्चर्टो सर्वांत थोर वाटतो, आणि ज्याच्यावर राजाने पैशांचा पाऊस पाडला त्याचा उणा पडतो. यात संगीताची अंगची ताकद आहेच, पण सगळे श्रेय तिला देऊन चालणार नाही. वाद्य कोणते घ्यायचे, साथीला किती माणसे बसवायची, हे निर्णयही त्या निकालाला तितकेच कारणीभूत आहेत. ते वेगळे झाले असते तर गुरूचा कॉन्चर्टो आपल्याला वेगळा दिसला असता.

दरबार

फ्रेडरिकचा बाप फ्रेडरिक विल्यम पहिला याचा जीव सैन्यात अडकलेला. पोराने फ्लूट वाजवावी, फ्रेंच पुस्तके वाचावीत हे त्याला बायकी चाळे वाटत. १७२८ मध्ये ड्रेस्डेनच्या राजाबरोबर योहान योआखिम क्वांट्स हा फ्लूटवादक बर्लिनला आला. सोळा वर्षांच्या राजपुत्राने त्याला ऐकले आणि शिकायचे तर याच्याकडेच असे ठरवले. त्यानंतर क्वांट्स वर्षातून दोनदा येऊन शिकवू लागला. एकदा शिकवणी चालू असताना राजेसाहेब येताहेत अशी वर्दी घेऊन लेफ्टनंट काटे धावत आला, आणि गुरुजींना फ्लूट आणि कागदांसकट अडगळीच्या जागेत लपून राहावे लागले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे राजपुत्राने पळून जायचा बेत केला, तो फसला, आणि त्यात सामील असलेल्या याच काटेचा १७३० च्या नोव्हेंबरात क्यूस्ट्रिनच्या किल्ल्यात शिरच्छेद झाला. राजपुत्राला खिडकीशी उभे करून ते बघायला लावले. हे सांगायचे कारण एवढेच, की या माणसाची फ्लूट हौसेमौजेची नव्हती. बापाच्या धाकात एवढीच एक गोष्ट त्याची स्वतःची उरली होती. गादीवर आल्यावर तिच्याभोवती त्याने जे नियम केले, त्यांतला हट्ट या मागच्या गोष्टीतून कळतो.

१७४० मध्ये तो राजा झाला आणि पुढच्याच वर्षी क्वांट्सला त्याने कायमचे आणले. अटी अशा होत्या की आजचा कोणताही कलावंत चकित व्हावा. २,००० थालर वार्षिक वेतन, तेही तहहयात. प्रत्येक रचनेचे पैसे वेगळे. बनवून दिलेल्या प्रत्येक फ्लूटमागे १०० डुकाट. ऑपेराच्या वाद्यवृंदात बसायचे नाही, आणि राजाखेरीज कोणाचा हुकूम ऐकायचा नाही. त्याच दरबारात हार्प्सिकॉर्डवर साथ करणाऱ्या कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखला, म्हणजे थोरल्या बाखच्या मुलाला, सुरुवातीला ३०० थालर मिळत. पुढे वाढ झाली, तरी क्वांट्सच्या जवळपासही तो कधी पोचला नाही. फ्रान्त्स बेंडा हा बोहेमियाचा व्हायोलिनवादक या दोघांच्याही आधीचा. राजा अजून राजपुत्र होता तेव्हा, १७३३ पासून, तो त्याच्या पदरी होता आणि १७८६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. राजाबरोबर त्याने साथ केलेल्या कॉन्चर्टोंची गणती १०,००० च्या आसपास केली जाते. हा आकडा ऐकून क्षणभर थांबावेसे वाटते. एका उत्तम व्हायोलिनवादकाने आयुष्यातल्या हजारो संध्याकाळी दुसऱ्याच्या फ्लूटला साथ करण्यात घालवल्या.

या मैफली मोहीम किंवा आजारपण नसेल तर बहुतेक रोज संध्याकाळी होत. श्रोते मोजके, बाहेरच्यांना प्रवेश क्वचित. १७७२ मध्ये इंग्रज संगीतलेखक चार्ल्स बर्नी याला पॉट्सडामला हे ऐकायला मिळाले. त्याने लिहून ठेवले आहे की राजाने लागोपाठ तीन लांबलचक कॉन्चर्टो वाजवले. पंचाहत्तरीचा क्वांट्स प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हाताने लय दाखवी, आणि एकल तुकडा संपला की ‘ब्राव्हो’ म्हणे. तशी दाद देण्याचा मान फक्त त्याचा. क्वांट्सने राजासाठी लिहिलेले कॉन्चर्टो ३०० च्या घरात, आणि ते पाळीपाळीने वाजवले जात. १७७२ साली मॅनहाइम आणि व्हिएन्नामध्ये संगीत कुठल्या कुठे गेले होते, आणि इथे मात्र तीस वर्षांपूर्वीचीच पाळी चालू होती. बाख तोवर निघून गेला होता. १७६८ मध्ये तो टेलेमान या रचनाकाराच्या जागी हँबर्गला रुजू झाला.

हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहे ते अडोल्फ मेंझेल या चित्रकारामुळे. बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत त्याचे मोठे तैलचित्र आहे. सान्सुसी महालातले दालन, मेणबत्त्यांचे झुंबर, मधोमध उभा राजा, हार्प्सिकॉर्डवर बाख, अगदी उजव्या कडेला भिंतीला टेकलेला क्वांट्स. पण मेंझेलने ते रंगवले १८५० ते १८५२ मध्ये, म्हणजे राजा जाऊन पासष्ट वर्षे झाल्यावर. दालन भव्य वाटते, प्रत्यक्षात सान्सुसी हा एकमजली उन्हाळी महाल आहे आणि त्याचे संगीताचे दालन आरशांनी मढवलेले असले तरी दिवाणखान्याएवढेच. आजच्या कोणत्याही ध्वनिमुद्रणाला हाच पेच पडतो. मेंझेलचे दालन ऐकवायचे की खरे दालन?

दोन चाव्यांचे वाद्य

पाहूद यांनी धातूची आधुनिक फ्लूट वाजवली आहे. ती म्युनिकच्या थेओबाल्ड बोएमची देणगी. १८४७ मध्ये त्याने सरळ नळीची, मोठ्या भोकांची, सगळी भोके चाव्यांनी झाकणारी फ्लूट केली. तिच्यावर प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा, सारख्या तेजाचा निघतो. तेच तिचे उद्दिष्ट होते.

क्वांट्सची फ्लूट अगदी वेगळी. लाकडी, बहुधा आबनुसाची, पुढे निमुळती होत जाणारी. बोटांनी झाकायची भोके सहा. आपल्या बासरीवर हात बसलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटेल. मुळातले स्वर डी मेजरचे, म्हणजे त्या पट्टीतले सात शुद्ध स्वर सहज येतात. बाकीचे काढायला बासरीवाला अर्धे भोक उघडतो, तर त्या फ्लूटवर मधले भोक उघडे ठेवून खालची झाकायची पद्धत होती. अशा आडव्या बोटांनी काढलेला स्वर झाकोळलेला येतो. एफ, जी शार्प, बी फ्लॅट आणि सी हे त्यांतले ठळक. शेजारच्या खुल्या स्वरापेक्षा हे स्वर दबके आणि हळवे. त्या काळच्या रचनाकाराला हे ठाऊक असे आणि पट्टी निवडताना तो त्याचा विचार करी.

त्या काळच्या सर्वसाधारण फ्लूटला एकच चावी असे. क्वांट्सने १७२६ मध्ये पॅरिसला असताना दुसरी जोडली. एक चावी डी शार्पची, दुसरी ई फ्लॅटची. पियानोवर हे दोन्ही एकच काळे बटण. क्वांट्सच्या लेखी ई फ्लॅट केसभर चढा आणि डी शार्प केसभर उतरता. रागागणिक कोमल गंधाराची जागा हलते हे ज्याच्या कानात मुरलेले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. पण युरोपात ही चावी फारशी कोणी उचलली नाही, आणि आधुनिक फ्लूटवर ती नाहीच. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या डेटन मिलर संग्रहात क्वांट्सने केलेली एक फ्लूट आहे, तिच्यावर या दोन चाव्या शेजारी-शेजारी दिसतात.

तिसरा मुद्दा पट्टीचा, म्हणजे वाद्य मुळात किती उंच लावायचे याचा. क्वांट्सला खाली लावलेले वाद्य आवडे. त्याच्या फ्लूट आजच्या ४४० च्या (ए या स्वराची सेकंदाला ४४० कंपने) मानाने जवळपास पूर्ण एक स्वर खाली बोलतात. त्यामुळे आवाज जाड, सावळा आणि खर्जात भरदार होतो. राजालाही हाच आवाज हवा असे. चमकणाऱ्या वरच्या सप्तकापेक्षा खालचा, गळ्याच्या जवळचा आवाज.

आधुनिक फ्लूट घेतल्याबरोबर या तिन्ही गोष्टी गेल्या. झाकोळलेले स्वर उजळले, दोन चाव्यांचा फरक पुसला, पट्टी वर गेली. पाहूद यांना हे पुरते माहीत आहे. त्यांनी श्वासाने ती भरपाई केली आहे. लांब स्वरांवर कंप कमीत कमी, वाक्याच्या शेवटी आवाज आतल्या आत ओढून घेतलेला, जिभेचे आघात हलके आणि वेगवेगळे. आधुनिक फ्लूटवर इतकी संयमी कारागिरी फार थोड्यांना जमते, आणि मला ती मनापासून आवडते. तरी एक फरक उरतोच. लाकडी फ्लूटवर सावली वाद्य स्वतः टाकते. धातूच्या फ्लूटवर ती वादकाला टाकावी लागते, आणि म्हणून ती त्याला जिथे आठवेल तिथेच पडते.

साथीला किती माणसे

क्वांट्सने १७५२ मध्ये बर्लिनला फ्लूटवादनावर एक जाडजूड ग्रंथ छापला. त्याचा मोठा भाग फ्लूटबद्दल नाहीच, साथीबद्दल आहे. तिथे माणसांचा हिशेब दिलेला आहे. चार व्हायोलिन असतील तर एक व्हिओला, एक चेलो आणि मध्यम आकाराचा एक डबल बेस. सहा व्हायोलिन असतील तर एवढेच, वर एक बासून, म्हणजे खर्जाचे फुंकवाद्य. आठ व्हायोलिन झाली की दोन व्हिओला, दोन चेलो, आणखी एक मोठा डबल बेस, आणि ओबो, फ्लूट, बासून प्रत्येकी दोन. राजाच्या खोलीतली रोजची मैफल यातल्या सर्वांत छोट्या हिशेबाच्या आसपासची, बहुधा त्याहूनही छोटी. चार-पाच तंतुवाद्ये आणि एक कळफलकाचे वाद्य.

त्याच ग्रंथात लय मोजायची युक्ती आहे. घड्याळ नको, यंत्र नको, निरोगी माणसाची नाडी धरा, मिनिटाला साधारण ८० ठोके. चार मात्रांच्या तालात अलेग्रो असाईला, म्हणजे फार जलद लयीला, दोन मात्रांना एक ठोका. त्याहून सावकाश अलेग्रेट्टोला एका मात्रेला एक ठोका. अदाजिओ म्हणजे संथ लय. गाण्यासारख्या अदाजिओ कांताबिलेला अर्ध्या मात्रेला एक. आणि अगदी संथ अदाजिओ असाईला अर्ध्या मात्रेला दोन ठोके. हे हातावर बोट ठेवून करून बघण्यासारखे आहे. अलेग्रो असाई या हिशेबाने इतका जलद निघतो की त्या काळचे संगीत सावकाश चाले हा समज तिथेच गळून पडतो. पिनॉक यांचे जलद भाग याच अंगाने जातात. रेंगाळणे नाही, आणि शर्यतही नाही.

कामरअकादमी हा चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे छोटा वाद्यवृंद आहे, २००१ मध्ये स्थापन झालेला, पॉट्सडामच्या निकोलाईझालमध्ये वाजवणारा. सभागृहात वाजवायची सवय असलेला हा वाद्यवृंद जुन्या शैलीची जाण ठेवून वाजवतो. कंप आखडता, गज हलका. तरीही प्रत्येक भागात एकाहून जास्त व्हायोलिन असली की आवाजाचा पोत बदलतो. एक व्हायोलिन बोलते तेव्हा तो माणूस ऐकू येतो, सहा एकदम बोलली की गट ऐकू येतो. राजाच्या खोलीत फ्लूटसमोर माणसे होती.

आणखी एक निर्णय कोणाच्या लक्षात चटकन येत नाही. पिनॉक हार्प्सिकॉर्ड वाजवतात. पण राजाने १७४० च्या दशकात गोटफ्रीड झिल्बरमान या कारागिराचे पियानो विकत घेतले होते, आणि सान्सुसीच्या संगीत दालनात आजही झिल्बरमानचा पियानो उभा आहे. १७४७ च्या मे महिन्यात थोरला बाख पॉट्सडामला आला तेव्हा राजाने त्याला हेच पियानो वाजवून बघायला लावले. क्वांट्सनेही साथीसाठी पियानोची तारीफ केली आहे, कारण त्याच्यावर हळू-जोरात करता येते. या सीडीवर झिल्बरमानच्या नमुन्याचा पियानो असता तर मंद भागांत साथ फ्लूटबरोबर श्वास घेऊ शकली असती. पिनॉक यांची हार्प्सिकॉर्डवरची हुकमत वादातीत आहे आणि जलद भागांत तिची धार हवीहवीशी वाटते. पण क्वांट्सच्या मंद भागाला पियानो मिळायला हवा होता असे मला वाटत राहते.

चार कॉन्चर्टो

राजाचा कॉन्चर्टो सी मेजरमधला, त्याच्या चार कॉन्चर्टोंपैकी तिसरा. राजाने १२१ फ्लूट सोनाटा लिहिल्या, त्यांच्या तुलनेत कॉन्चर्टो थोडे. संगीत सुबक आहे, शिकलेल्या माणसाचे आहे, गुरूचा हात प्रत्येक वळणावर दिसतो. त्यावर फार बोलण्यासारखे नाही. राजाने युद्धे आणि राज्यकारभार सांभाळून इतके नेटके लिहिले याबद्दल आदर वाटतो, आणि पुढे जावेसे वाटते.

बेंडाचा ई मायनरमधला. याच्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते आणि ते अन्यायाचे आहे. बेंडाची ख्याती त्याच्या अदाजिओसाठी होती. व्हायोलिनवर गाणारा माणूस, असे त्याचे समकालीन सांगत. या कॉन्चर्टोच्या मधल्या भागात त्याने ते गाणे फ्लूटला दिले आहे. सजावट कमी, सूर लांब, आणि खाली तंतुवाद्ये अशी लिहिलेली की ज्याने जन्मभर साथ केली तोच तशी लिहू शकेल. फ्लूट थांबते नेमके तिथे साथ दोन शब्द बोलते आणि गप्प होते. ई मायनरला आणखी एक गंमत आहे. या पट्टीत षड्जाकडे ओढणारा स्वर डी शार्प, म्हणजे क्वांट्सच्या पहिल्या चावीचा. त्याच्या हिशेबाने तो केसभर उतरता. आजच्या फ्लूटवर तोच स्वर अनेकदा चढवून, षड्जाला चिकटवून वाजवला जातो, कारण त्याने ओढ जास्त जाणवते. दोन्हींचा परिणाम वेगळा. उतरता डी शार्प उसासा टाकतो, चढा आग्रह धरतो. आधुनिक कान दुसऱ्याला सरावलेला आहे.

क्वांट्सचा जी मेजरमधला, त्याच्या ३०० पैकी आज सर्वांत जास्त वाजणारा. पहिला भाग आटोपशीर. वाद्यवृंदाचा प्रस्ताव, फ्लूटचा तुकडा, पुन्हा प्रस्ताव, पुन्हा फ्लूट. वाक्ये चार-चार मात्रांची, मापात. मधला भाग ‘आरिओसो ए मेस्तो’, शोकाच्या सुरातला. सीडीवर पहिला भाग ऐकताना माझे लक्ष थोडे सुटते. प्रस्ताव परत आला की तो परतच आलेला असतो, त्यात नवे काही नसते, आणि वाद्यवृंद जितका भरदार तितके ते नसणे उघडे पडते.

पण इथे क्वांट्सला दोष देण्याआधी त्याचाच ग्रंथ उघडावा. त्यात मंद भाग कसा वाजवायचा यासाठी एक नमुना अदाजिओ दिला आहे. साधी चाल, तिच्यावर घालायची सजावट, आणि मग त्या सजावटीतल्या स्वरास्वराचा हिशेब, कोणता जोरात सुरू करून विरवायचा, कोणता हळू सुरू करून फुलवायचा. म्हणजे छापलेली चाल ही बंदिश आहे. बडा ख्याल बंदिशीच्या दोन ओळींवरून जोखू नये, तसाच क्वांट्स कागदावरच्या स्वरांवरून जोखू नये. राजाच्या खोलीत कान टवकारले जात ते आज राजा या ओळीचे काय करतो यासाठी. रोज तेच कॉन्चर्टो चालत याचे हेही एक कारण असणार. चाल पाठ असली की ऐकणाऱ्याला भर ऐकू येते. अशा संगीताला साथ जितकी कमी तितकी चांगली. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, मागे कळफलक. चालीतल्या रिकाम्या जागा मोकळ्या राहतात आणि वादक त्या भरतो. चेंबर ऑर्केस्ट्रा त्या जागा आधीच भरून टाकतो. आरिओसोमध्ये पाहूद जेव्हा आवाज अगदी तळाला नेतात तेव्हा साथही दबते, आणि तेवढ्या काही ओळींत खोली लहान झाल्यासारखी वाटते. तिथे क्वांट्स खरा ऐकू येतो.

आता बाखचा ए मायनर. याची तीन रूपे आहेत, हार्प्सिकॉर्डसाठी, चेलोसाठी आणि फ्लूटसाठी. हार्प्सिकॉर्डच्या रूपाचे साल १७५०. राजाने तो कधी वाजवला याचा पुरावा नाही, आणि संगीत ऐकल्यावर त्याने तो का वाजवला नसेल ते समजते. सुरुवातीचा प्रस्ताव लांब आणि चिडलेला आहे, स्वर उड्या मारत जातात, थबकतात, दिशा बदलतात. एवढ्या वादळानंतर फ्लूट येते ती वेगळेच, आर्जवी बोलत. वाद्यवृंद तिला बोलू देतो, मग मध्येच तोडतो. फ्लूट पुन्हा प्रयत्न करते. इथे साथ म्हणून काही राहिलेलेच नाही. दोन पक्ष आहेत, आणि त्यांच्यात वाद चालला आहे. राजाच्या मैफलीत वाद्यवृंदाने राजाला मध्येच तोडायचे ही कल्पनाच करवत नाही.

म्हणून वाद्यवृंद पूर्ण वापरण्याचा निर्णय इथे फळाला येतो. चेंबर ऑर्केस्ट्राचे वजन, गटाचा आवाज, बेसचा ठोसा हे सगळे क्वांट्सला जड होते, बाखला तेच हवे आहे. एकटा माणूस आणि समोर गट, ही या कॉन्चर्टोची मांडणीच आहे. आधुनिक फ्लूटची ताकदही कामी येते. हा एकल भाग कळफलकाच्या हाताने विचार केलेला आहे. त्यात श्वासाला जागा थोड्या आणि खालच्या स्वरांवर भार जास्त. लाकडी फ्लूटचे खालचे सप्तक सभागृहात सहा व्हायोलिनांखाली बुडून जाते. पाहूद यांचा दमसास आणि भक्कम खर्ज, शिवाय मायक्रोफोनने साधलेला समतोल, यामुळे त्या भागातला एकही स्वर हरवत नाही. शेवटच्या भागात तर पिनॉक आणि पाहूद एकमेकांना असे भिडतात की ही मंडळी हा कॉन्चर्टो मनात धरूनच बसली होती असे वाटावे.

एक किंमत मात्र इथेही मोजावी लागली. ए मायनरमध्ये सर्वांत बोलके दोन स्वर म्हणजे एफ आणि जी शार्प. लाकडी फ्लूटवर नेमके हे दोन्ही आडव्या बोटांनी निघतात, दोन्ही झाकोळलेले. म्हणजे जिथे दुःख सर्वांत जास्त तिथेच वाद्याचा आवाज घोगरा होतो. धातूच्या फ्लूटवर ते दोन्ही स्वर बाकीच्यांइतकेच लख्ख. जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्या वादकांकडून हाच कॉन्चर्टो ऐकला की हा फरक पहिल्या काही ओळींतच जाणवतो. तिथे फ्लूट वाद हरता-हरता बोलते, इथे ती बरोबरीने बोलते. मला दोन्ही पटतात. दुसरे ऐकायला जास्त थरारक आहे, पहिले जास्त खरे.

वेगळे काय करता आले असते

चारही कॉन्चर्टोंना एकच मांडणी का ठेवली असेल हे समजण्यासारखे आहे. वाद्यवृंद बोलावलेला, तो पूर्ण वापरायचा. वादक आधुनिक फ्लूटचा, त्याला पट्टी बदलता येत नाही. सीडी सलग ऐकली जाते, आवाज मध्येच आक्रसला तर श्रोता दचकतो. आणि जयंतीच्या वर्षी मेंझेलच्या चित्राची झळाळी हवी असते. यातले एकही कारण चुकीचे नाही.

तरी एक बदल याच मंडळींना, याच वाद्यांवर, त्याच पट्टीत करता आला असता. राजाच्या आणि क्वांट्सच्या कॉन्चर्टोंना प्रत्येक भागाला एकच वादक ठेवायचा. वाद्यवृंदातली पहिली पाच माणसे आणि पिनॉक, बाकीच्यांना त्या वेळेपुरती विश्रांती. बेंडाला सहा व्हायोलिन, बाखला सगळे. दुसऱ्या सीडीवर पाहूद आणि पिनॉक छोट्या संचात वाजवतात आणि तिथे त्यांचा आवाज किती जवळचा होतो ते ऐकलेलेच आहे, तेव्हा जमण्या-न जमण्याचा प्रश्न नाही. असे केले असते तर खोली हळूहळू मोठी होत गेलेली ऐकू आली असती. पहिल्यांदा राजाचा दिवाणखाना, मग त्याहून मोठे दालन, आणि शेवटी हँबर्गसारख्या व्यापारी शहरातले तिकीट काढून आलेल्या लोकांचे सभागृह, जिथे बाख पुढे गेला. क्वांट्सचा कॉन्चर्टो बाखच्या तराजूत न पडता आपल्या जागी ऐकला गेला असता.

ज्यांना हा संच घ्यायचा आहे त्यांनी पहिल्यांदा पहिल्या सीडीवरचा बाखचा ए मायनर ऐकावा, नंतर थेट दुसरी सीडी लावावी, आणि क्वांट्सकडे सर्वांत शेवटी यावे, आवाज नेहमीपेक्षा बराच कमी ठेवून. आरिओसोपासून सुरू केले तरी चालेल. जोडीला जुन्या दोन चाव्यांच्या फ्लूटवर वाजवलेला क्वांट्सचा कोणताही कॉन्चर्टो मिळाला तर तोही त्याच दिवशी ऐकावा.